अंगावरून जातंय? अंगावर काढा!

बायांनो, पांढरं जातंय? खाज सुटलीय? घाबरू नका. आपल्याकडे यावर पिढीजात इलाज आहे: अंगावर काढणे. आजीने काढलं, आईने काढलं, सासूबाईंनी तर चार बाळंतपणांसकट काढलं.

आधी एक पथ्य. नाव घ्यायचं नाही. मागच्या महिन्यात दवाखान्यात काउंटरवरच्या मुलीने भरल्या बाकांसमोर विचारलं, "काय होतंय?" मी म्हटलं, "जरा लेडीज प्रॉब्लेम." "म्हणजे पाळीचं, का पांढरं पाणी?" बाकावरचे दोन काका मोबाइलमधून एकदम वर आले. मी म्हटलं, "सर्दी." तिने केसपेपरवर सर्दी लिहिलं आणि आत डॉक्टरीणबाई बॅटरी घेऊन माझा घसा बघायला निघाल्या.

निकर टॉवेलखालीच वाळत घाला. ऊन लागलं तर घराण्याची अब्रू जाते.

वास येतोय? सुगंधी वॉशने आतून खसाखसा धुवा. आत विरजणातल्या जंतूंचे भाऊबंद राहतात, तिथली आम्लता तेच राखतात. त्यांना हाकलून दिलं की बाकीच्यांना जागा मोकळी.

दुखत नसेल तर काही नाहीच असं समजा. क्लॅमिडिया हा संबंधातून येणारा जंतू बहुतेक बायकांना कळू न देता मुक्काम करतो, कधी गर्भनलिकेपर्यंत पोचतो. पुढे मूल राहिलं नाही तर सोळा सोमवार आहेतच.

सरकारी रुग्णालयातल्या सुरक्षा क्लिनिककडे, म्हणजे याच आजारांच्या दवाखान्याकडे, फिरकूही नका. औषध फुकट मिळतं, पण ओळखीचं कुणी भेटलं तर?

आणि हे फक्त आपल्यालाच होतं, असं मनाशी पक्कं धरा. डॉक्टर राणी आणि अभय बंगांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० बायका तपासल्या. १९८९ साली ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. ९२ टक्के बायकांना काही ना काही स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार, त्यातले निम्मे आजार जंतुसंसर्गाचे. त्याआधी कधी तपासणी झालेल्या बायका? ८ टक्के. घरोघरी मातीच्या चुली, पण आपली चूल दाखवायची नसते.

आता सगळ्यात महत्त्वाचं: नवऱ्याला यात ओढू नका. मी ओढलं. डॉक्टरीणबाईंनी घसा सोडून जे बघायचं ते बघितलं आणि म्हणाल्या, ट्रायकोमोनास. संबंधातून येतो. दोघांनीही औषध घ्या, तोवर लांब राहा, नाहीतर बऱ्या व्हाल आणि परत याल. केमिस्टने दोघांच्या गोळ्या पेपरात गुंडाळून वर काळी पिशवी घातली, जणू बॉम्बच नेतेय.

घरी आल्यावर हे म्हणाले, "मला काय झालंय?" काही नाही झालं, पुरुषांना बहुतेकदा काही जाणवतच नाही, तेच तर सांगतेय. "मग तुला कुठून आलं?" व्वा! एका वाक्यात मी आरोपी. हा जंतू महिनोन्‌महिने गप्प पडून राहतो, कुणी कुणाला कधी दिला याचा पंचनामा होत नाही, हे मी रात्री अकरा वाजता ओट्याशी भांडी घासत समजावतेय. शेवटी कबूल झाले. पण डॉक्टरांनी बजावलेलं, या गोळ्यांवर दारू नको, आणि शनिवारी ऑफिसची पार्टी. मग "सोमवारी घेतो." सोमवारी उपास. मंगळवारी "अगं, मला खरंच काही होत नाहीये." आणि लांब राहायचं तेवढं मात्र कुणाच्या लक्षात नाही. तीन आठवड्यांनी मला पुन्हा तीच खाज, पुन्हा तोच काउंटर, पुन्हा फी. "काय होतंय?"

बास झालं. अहो, पाण्याबरोबर गिळायच्या गोळ्या आहेत त्या. मी सात दिवस सकाळ-संध्याकाळ घेतल्या, चहासुद्धा पत्रा चाटल्यासारखा लागत होता. तुम्हाला कुणी टेबलावर पाय फाकवून झोपवलं नाही, कुणी आत लोखंड घातलं नाही, बाकावरच्या कुणी वळून बघितलं नाही. एवढं करायला काय जातं तुमचं? बायकोला पुन्हा पुन्हा होतं म्हणजे तिचीच तब्येत नाजूक, असं मित्रांना सांगताना लाज कशी वाटत नाही? आणि केसपेपरवर सर्दी लिहून घेणारी मी, मलाही दोन द्यायला हव्या होत्या. परवा सांगितलं मी त्या मुलीला, मोठ्याने: पांढरं पाणी, आणि वास येतोय. काका पुन्हा मोबाइलमध्ये गेले.

तुमच्या गोळ्यांचं पाकीट फ्रीजवर आहे, लाइटबिलाखाली. पाणी मी आणून देणार नाही.