पॉइंट वन काका

संगणकाच्या पडद्यावर जे दिसतं ते टिपून घेणं हल्ली चौथीतल्या पोरांनाही येतं. जे ऐकू येतं तेही त्याबरोबर आपोआप टिपलं जातं, असा सर्वसाधारण समज आहे, आणि आवाज डावा आणि उजवा असे दोनच असतील तोवर तो खराही आहे. आवाज सहा झाले की मामला लग्नघरासारखा होतो: ज्याला विचारायचं राहील तो रुसतो. फरक एवढाच की माणूस रुसला तर निदान कळतं. इथे रुसलेला हसतमुखानं ‘हो’ म्हणतो आणि सहाचे दोन करून गुपचूप पुढे पाठवतो.

माझी भाची जुई इथेच बडोद्यात फाइन आर्ट्सला शिकते. तिनं एक गेम केलाय. गरब्याच्या मैदानात एक लहान मुलगी आईपासून चुकते. गर्दी, गोल गोल फिरणारी वर्तुळं, मधोमध गाणारे आणि ढोल. आणि या सगळ्यातून कुठूनतरी आईची हाक येते. हाक ज्या दिशेनं आली तिकडे चालायचं. बडोद्यात वाढलेल्या माणसाला हा गेम समजावून सांगावा लागत नाही. आमच्यातले निम्मे लहानपणी असे हरवलेले आहेत, आणि उरलेले निम्मे त्यांना शोधायला म्हणून गेले आणि तिथेच गरबा खेळत राहिले.

या गेमचा व्हिडिओ तिला एका स्पर्धेला पाठवायचा होता, आवाज फाइव्ह पॉइंट वन, म्हणजे सहा स्पीकरांतून सहा वेगवेगळे. गेम म्हणजे काही सिनेमा नव्हे, की तयार फाइल उचलली आणि पाठवली. खेळताना जो आवाज घडत जातो तो त्याच वेळी पकडावा लागतो. दोनच आवाजांत पकडला तर आईची मागून आलेली हाक समोरून येते. पोरगी शहाण्यासारखी मागे वळते, आणि बघणाऱ्याला वाटतं, काय कार्टी आहे, आई समोरून बोलावतेय आणि ही पळ काढतेय.

“मामा, तुझ्याकडे सहा स्पीकर आहेत ना?” जुईनं विचारलं.

आहेत. दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरात सहा स्पीकर आहेत, पण ते जिथे असायला हवेत तिथे आहेत असं कुणी म्हणणार नाही. मधला टीव्हीच्या माथ्यावर. पुढचे दोघे टीव्हीच्या दोन बाजूंना, त्यातल्या डाव्यावर माझी टोपी. मागचा डावा तांदळाच्या डब्यावर आणि मागचा उजवा देवघराच्या वरच्या फळीवर, कारण खिळा तिथेच होता. सहावा, म्हणजे खर्जाचा सबवूफर, दिवाणाखाली. त्याच्यावर बरेच दिवस लोणच्याची बरणी मुरत होती.

आता हे सहा आवाज जातात कसे ते सांगतो. गेम सहा आवाज काढून विंडोजच्या हवाली करतो. विंडोज समोरच्या यंत्राला विचारतं, बाबा, तुला किती झेपतात? रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर (आमच्याकडे ओबीएस) याच नाक्यावर कान लावून बसलेलं असतं. यंत्राला जेवढे आवाज मिळतील तेवढेच त्याला ऐकू येतात. लॅपटॉपचे स्वतःचे स्पीकर म्हणतात, दोन. लॅपटॉपची एचडीएमआय वायर थेट टीव्हीला लावली तर आमचा टीव्हीही बाणेदारपणे म्हणतो, दोन. म्हणून वायर आधी रिसीव्हरला (सहाही स्पीकर ज्याला जोडलेत ते यंत्र) न्यायची आणि रिसीव्हरमधून टीव्हीला. कागदावर हे एक वाक्य आहे. आमच्या घरात त्यासाठी दिवाण सरकवावा लागला, दिवाणासाठी बरणी हलवावी लागली, आणि बरणीसाठी आईची परवानगी.

बरं, सहाचे दोन होताना आवाज सरळ नाहीसे झाले असते तर लगेच लक्षात तरी आलं असतं. तसं होत नाही. मधला आवाज तीन डेसिबलनं दबून डाव्या-उजव्यात वाटला जातो, मागचे दोघेही तसेच पुढच्यांच्या पदरात घातले जातात. ऐकणाऱ्याला वाटतं, सगळं जागच्या जागी आहे. सहाव्याला मात्र बहुतेक वेळा चक्क वगळतात. बिचाऱ्याचा हिस्साच लहान: बाकीचे पाच 20 पासून 20,000 हर्ट्झपर्यंत बोलू शकतात आणि हा जेमतेम 120 पर्यंत, नुसती घरघर. म्हणून तर त्याला अख्खा आकडा न देता पॉइंट वन म्हणतात.

खुद्द ओबीएसमध्ये काम सोपं. ऑडिओच्या सेटिंगमध्ये चॅनेलच्या यादीत स्टिरिओच्या जागी 5.1 निवडायचं. ‘सराउंड चालू करायचंय, खात्री आहे ना?’ असं ते विचारतं. खात्री कुणाला असते! तरी हो म्हणायचं, सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा उघडायचं, आणि मिक्सरमध्ये दोनाच्या जागी सहा पट्ट्या नाचताना दिसतात. निदान दिसायला हव्यात. वरच्या कुणी आधीच दोन करून ठेवले असतील तर पट्ट्या सहा असतात आणि चार मुक्या उभ्या राहतात. तयार फाइलच्या माहितीत मात्र ऐटीत लिहिलेलं असतं, ‘6 चॅनेल’. फाइलच्या माहितीवर विश्वास ठेवू नये हे माझं ठाम मत आहे. पट्ट्या बघाव्यात, नाहीतर ऑडॅसिटी नावाच्या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून सहा लाटा डोळ्यांनी वेगवेगळ्या बघाव्यात.

पण कोणता आवाज कुठे गेला हे लाटा बघून कळत नाही. चाचणीसाठी लोक बीप वाजवतात. बीप सगळी सारखीच; त्यापेक्षा घरची माणसं बरी. जुईनं प्रत्येकाचा आवाज फोनवर घेतला. पुढचा डावा मी, पुढचा उजवा माझी बायको. मधला आईचा, कारण सिनेमात संवाद मधूनच येतात आणि आमच्या घरातही. मागचा डावा आत्याचा. ती खास वाघोडिया रोडवरून आली होती आणि पहिलं वाक्य मनासारखं झालं नाही म्हणून तिनं ते पुन्हा म्हटलं. मागचा उजवा जुई स्वतः. उरले काका. त्यांचा खर्ज असा की ते खोकले तर कपाटातल्या वाट्या वाजतात. त्यांना पॉइंट वन दिला.

“म्हणजे मी दहावा हिस्सा?” काका म्हणाले.

“तसं नाही काका, तुम्ही पाया आहात.” यावर त्यांनी एक दीर्घ ‘हूंऽऽ’ केलं, आणि तेच आम्ही घेतलं.

जुईनं सहाही आवाज एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये एकत्र करून फाइल काढली. घरचे सगळे लीला चिवडा घेऊन बसले, फाइल वाजली.

मी डावीकडून बोललो, ठीक. त्यानंतर टीव्हीच्या माथ्यावरून, म्हणजे आईच्या जागेवरून, माझी बायको बोलली. बायकोच्या जागेवरून आई. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. लग्नापासून आजवर जी अदलाबदल घरात कुणी सुचवायला धजलं नव्हतं ती एका फाइलनं करून टाकली होती. तांदळाच्या डब्यावरून, आत्याच्या जागी, जुई बोलली. आत्या स्वतः गायब. आणि देवघराच्या फळीवरून एक गंभीर ‘हूंऽऽ’ आला. आईचे हात नकळत जोडले गेले. तो काकांचा आहे हे कळल्यावर तिनं ते सोडवून घेतले, पण जरा नाराजीनंच.

प्रकार असा असतो. सहा आवाजांना रांगेत उभं करायच्या दोन रीती आहेत. संगणकाची रीत: डावा, उजवा, मधला, पॉइंट वन, मागचा डावा, मागचा उजवा. सिनेमावाल्यांची: डावा, मधला, उजवा, मागचा डावा, मागचा उजवा आणि सगळ्यात शेवटी पॉइंट वन. फाइल सिनेमाच्या रीतीनं निघाली आणि वाजवणाऱ्यानं ती संगणकाच्या रीतीनं वाचली. दोन्ही रीतींत पहिला डावाच, म्हणून घरात मी एकटा जागेवर राहिलो. आत्या चौथ्या नंबरवरून दिवाणाखालच्या डब्यात गेली. बायकांचा बोलण्याचा सूर साधारण 165 ते 255 हर्ट्झच्या घरात असतो आणि तो डबा 120 च्या वर तोंड उघडत नाही. आत्याला हे मी समजावून सांगितलं. ती म्हणाली, “मला दिवाणाखाली घातलंत एवढं कळलं.”

रांग दुरुस्त झाली, सगळे आपापल्या जागी गेले, आणि मग खरं रेकॉर्डिंग. आत्यानं घरात संचारबंदी लावली: कुणी बोलायचं नाही, पंखा नाही. वास्तविक संगणकाच्या आतला आवाज आतल्या आतच टिपला जातो, खोलीतलं त्यात काही शिरत नाही. पण सॉफ्टवेअरमध्ये माइकची एक वेगळी पट्टी असते आणि ती सांगितल्याशिवाय गप्प बसत नाही. ऐन गरब्यात, आईची हाक येण्याच्या क्षणी, स्वयंपाकघरातला कुकर तीन शिट्ट्या देऊन मोकळा झाला. जुई म्हणाली, राहू दे, आईच वाटते. मी माइक बंद केला आणि सगळं पहिल्यापासून. रात्री सबवूफरनं भिंत धरली तेव्हा शेजारच्या काकींनी ओटल्यावरून हाक मारली, “शरद पूनम तो गई, हवे शेनो गरबो?”

फाइल एमकेव्ही नावाच्या प्रकारात घेतली; मध्येच वीज गेली तरी तोवरचं वाचतं. काकांनी फाइल केवढी मोठी झाली ते विचारलं. मी हिशेब मांडला: सेकंदाला 48,000 नमुने, प्रत्येकी दोन बाइट, गुणिले सहा, न दाबता ठेवला तर तासाला दोन जीबी नुसता आवाज. काकांनी त्यात आपला हिस्सा किती ते विचारलं. कच्च्या फाइलीत तो चक्क इतरांएवढाच असतो, हे ऐकून ते जेवायला बसले.

व्हिडिओ गेला. पण आत्यानं चाचणीची फाइलही घरच्या ग्रुपवर टाकली, ‘आमचा सराउंड’ म्हणून. लोकांनी आपापल्या फोनवर ऐकली. पुण्याहून, अहमदाबादहून कौतुक आलं: आईचा आवाज अजून किती खणखणीत, आत्या काय छान बोलल्या. काकांबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. काढणार कसा? फोननं सहाचे दोन केले, आणि करताना पॉइंट वन वगळला. न वगळता तरी त्या बोटभर स्पीकरमधून काकांचा खर्ज काय निघणार.

काकांनी स्वतःचा फोन कानाला लावून फाइल शेवटपर्यंत ऐकली. मग माझ्याकडे आले.

“याच्याहून मोठा येतो का रे?”

“सेव्हन पॉइंट वन येतो. बाजूचे दोन वाढतात.”

“मधल्या जावेला आणि धाकटीला सांगून ठेवते,” आत्या आतून म्हणाली.

“आणि मला त्यात किती?”

“पॉइंट वनच.”

काका विचारात पडले. “पॉइंट टू नसतो?”

“असतो, काका. सेव्हन पॉइंट टू. दोन सबवूफर लावतात. पण बहुतेक ठिकाणी दोन्हींतून आवाज एकच येतो.”

“म्हणजे मी दोनदा,” काका म्हणाले, आणि दुसऱ्या दिवाणाखाली जागा किती आहे ते बघायला वाकले.