पाण्यासाठी बाहेरचा वकील कसा नेमावा

गेल्या मंगळवारी आमच्या सोसायटीचे नळ सलग पाचव्या दिवशी कोरडे होते. त्याच सकाळच्या पेपरात, आतल्या पानावर, एका मंगल कार्यालयाच्या जाहिरातीखाली चार ओळींची बातमी होती. पाणी कोट्याची सुनावणी पुढे ढकलली, महापालिकेच्या वकिलांनी मुदत मागितली. मी टँकरवाल्याला फोन लावून बसलो होतो आणि तो उचलत नव्हता. तेवढ्या वेळात ती बातमी तीनदा वाचून झाली. मग वाटलं, हे ज्ञान आमच्या एका शहरापुरतं का राहावं? उद्या तुमच्या हाती एखादी महापालिका आली आणि धरणातल्या पाण्यावरून भांडण निघालं, तर तुम्हाला कोण सांगणार?

शहराचं नाव लिहीत नाही. वाचताना आपापलं घाला, बसेल.

तर सुरुवात अशी करा. तुमच्याकडे विधी विभाग असतो. एक मुख्य विधी अधिकारी, त्यांची केबिन, केबिनबाहेर शिपाई, आणि पॅनेलवर डझनभर वकील. यातल्या कुणालाही पाण्याचं प्रकरण चुकूनसुद्धा देऊ नका. ही मंडळी अतिक्रमणाचे दावे आणि निवृत्त कर्मचाऱ्यांच्या फरकाच्या केसेस यासाठी राखून ठेवलेली असतात. पाणी हा 'विशेष ज्ञानाचा' विषय आहे. विशेष ज्ञान म्हणजे नेमकं काय, ते कुणी विचारत नाही. प्रस्तावात तसं लिहायची पद्धत आहे.

नेमणुकीची घाई करू नका. पाटबंधारे खात्याची नोटीस आली की ती आधी पाणीपुरवठा विभागाला पाठवा. त्यांनी ती विधीकडे पाठवावी. विधीने 'अभिप्रायासाठी' परत पाणीपुरवठ्याकडे पाठवावी. असं आठेक महिने चाललं की सुनावणी परवावर येते. मग ती 'तातडीची बाब' होते, आणि तातडीच्या बाबीला निविदा लागत नाही. महापालिका अधिनियमाला अनुसूची 'ड' आहे, त्यातलं प्रकरण ५(२)(२) तुम्हाला पाठ असेलच. थेट नेमणूक, ऐनवेळचा विषय, कार्योत्तर मान्यता. संपलं.

वकील मुंबईचा किंवा दिल्लीचाच हवा. गावातल्या वकिलाच्या घरी नळ असतो, तो भावनेच्या भरात वाहवत जायचा.

आता सगळ्यात महत्त्वाचा सल्ला, वकिलाला कागद काय द्यायचे. हे मला स्वानुभवाने कळलं, म्हणून जरा सविस्तर सांगतो. मी माहिती अधिकारात अर्ज केला होता. दहा रुपयांचा स्टॅम्प, नकलांचे पानामागे दोन रुपये. ९४ पानं, १८८ रुपये. सुटे नाहीत म्हणून खिडकीतल्या बाईंनी मला दोनदा खाली पाठवलं, त्याचं काही नाही. पान ३१ वर महापालिकेचं प्रतिज्ञापत्र सुरू होतं. परिच्छेद ११ मध्ये लिहिलं होतं, 'सदर शहराचा किनारी भाग व खाडीलगतची दाट लोकवस्ती विचारात घेता.' आमच्या शहरापासून समुद्र साडेतीनशे किलोमीटर आहे. आमच्याकडे खाडी म्हणाल तर पावसाळ्यात स्टेशनरोडला जी होते तीच. कुठल्या तरी किनाऱ्यावरच्या शहराचा मसुदा उचलून नाव बदललं होतं. तेही सगळीकडे बदललं नव्हतं. एका ठिकाणी जुन्या नावावर पांढरा रंग फासून वर आमचं नाव हाताने लिहिलं होतं.

पुढच्या पानावर शहराची आजची लोकसंख्या. तिथे टिंबं. टिंबांच्या पुढे टाइप केलेलं, 'येथे अद्ययावत आकडा भरावा'. दरडोई दैनंदिन वापर, परत टिंबं. वितरणातली गळती, टिंबं. आणि या टिंबांखाली कार्यकारी अभियंत्याची सही, गोल शिक्का, नोटरीचा शिक्का, 'वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे सत्य आहे'. सत्यच आहे हो. टिंबं खोटी कशी असतील?

भांडण कशाचं आहे तेवढं बघा. राज्यात २००५ साली कायदा झाला, महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण आलं. शहराला किती पाणी, शेतीला किती, हे आता कागदावर ठरतं आणि मंजुरीपेक्षा जास्त उचललं की बिल चढ्या दराने येतं. पुण्याचंच बघा. मंजूर कोटा वर्षानुवर्षं साडेअकरा टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट) होता आणि उचल त्याच्या दीडपटीच्या वर. खाली दौंड-इंदापूरचा शेतकरी कालव्याच्या आवर्तनाची वाट बघत बसलेला, आणि पाटबंधारे खातं व महापालिका यांच्यात शेकडो कोटींच्या बिलावरून पत्रापत्री. म्हणजे या प्रकरणात एकच प्रश्न असतो, तुम्ही माणसं किती आणि पाणी उचलता किती. शहराने हक्काने माणशी दिवसाला १३५ लिटर मागावं, पण आधी माणसं मोजावीत. एक टीएमसी म्हणजे दोन हजार आठशे कोटी लिटरच्या वर पाणी. एवढ्या पाण्याचा हिशोब टिंबांत देता?

आमच्या शहरात तर मोजणीचीच गंमत आहे. पाटबंधारेवाले मोजतात धरणाच्या तोंडाशी, महापालिका मोजते शुद्धीकरण केंद्रात. मधल्या पाइपात जे जातं ते कुणाचंच नाही. केंद्रातलं मीटर दीड वर्ष बंद आहे, हेही त्याच ९४ पानांत आहे, पान ६७. बंद मीटरचं रीडिंग दर महिन्याला वहीत लिहिलेलं आहे आणि दर महिन्याला सारखंच आहे. फेब्रुवारीतसुद्धा. फेब्रुवारीला अठ्ठावीस दिवस असतात हे त्या मीटरला कळवायला हवं होतं. ही वही घेऊन जगातला कुठलाही सिनियर वकील उभा राहिला तरी काय बोलणार? तो मुदत मागणार. दुसरं काय मागेल?

शिस्त ठेवा. वकिलाला धरण दाखवायला नेऊ नका.

पुढचा मुद्दा बिलाचा. ड्राफ्टिंग, सेटलिंग, कॉन्फरन्स, अपिअरन्स असे चार रकाने असू द्या. अपिअरन्स म्हणजे उभं राहणं. उभं राहून 'वेळ मिळावा' एवढंच म्हटलं तरी अपिअरन्स होतो, आणि ज्युनियर सोबत असेल तर दोन होतात. मला दिलेल्या नकलांवर फीचे आकडे काळ्या स्केचपेनने झाकले होते, कारण ती 'त्रयस्थ व्यक्तीची माहिती' आहे म्हणे. पण स्केचपेन बहुधा संपत आलं होतं. कागद उलटा करून गॅलरीत उन्हात धरला की दिसतात. आकडा लिहीत नाही, उगाच वकीलसाहेबांना वाईट वाटायचं. एवढंच सांगतो, एका तहकुबीच्या पैशात आमच्या सोसायटीचे साडेतीन महिन्यांचे टँकर आले असते. बत्तीस बिऱ्हाडं आहेत आमची.

आणि समोरच्या बाजूला कोण? पाटबंधारे खातं. म्हणजे सरकार. त्यांचाही वकील. त्यांचीही कॉन्फरन्स. महापालिकेचा वकील माझ्या पाणीपट्टीतून, सरकारचा वकील माझ्या करातून, आणि टँकर माझ्या खिशातून. एकाच माणसाच्या दोन खिशांनी कोर्टात भांडावं आणि तिसऱ्या खिशाने पाणी विकत घ्यावं, अशी ही सोय आहे. आता कुठे पाणी मुरतंय हे शोधायला पाणीपुरवठा विभागाची गरज नाही.

कालव्याचं पाणी कुणाला किती ते जिथे ठरतं, त्या कालवा सल्लागार समितीच्या बैठकीला मात्र उपअभियंता पाठवा. जमल्यास नवा.

कुणी म्हणेल, बाहेरचे वकील नेमूच नयेत का? नेमावेत की! इथे मात्र मला टोमणा मारायचा नाही. कावेरीच्या पाणीवाटपाच्या खटल्यात कर्नाटकाने बाहेरचाच माणूस घेतला होता. ज्येष्ठ वकील फली नरिमन त्या प्रकरणात तीन दशकं कर्नाटकाच्या बाजूने उभे होते. कावेरी लवादाने बंगळुरूच्या पिण्याच्या पाण्याचा विचार करताना शहराचा एक तृतीयांश भागच खोऱ्यात येतो म्हणून तेवढ्याचीच गरज धरली होती. १६ फेब्रुवारी २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने ते मानलं नाही. कर्नाटकाला १४.७५ टीएमसी वाढवून मिळालं, त्यातलं ४.७५ टीएमसी बंगळुरूच्या पिण्यासाठी. एका शहरासाठी पावणेपाच टीएमसी! पण तिथे वकिलाच्या मागे इंजिनिअर होते, वर्षानुवर्षांच्या नोंदी होत्या, शहराची माणसं मोजलेली होती. तिथे कुणी परिच्छेद ११ मध्ये खाडी आणली नव्हती.

लांब कशाला जाता, जायकवाडी घ्या. वरच्या नगर-नाशिकच्या धरणांतून खाली किती पाणी सोडायचं, यावर प्राधिकरणाचा आदेश १९ सप्टेंबर २०१४ चा आणि उच्च न्यायालयाचा निकाल २३ सप्टेंबर २०१६ चा. पैठणच्या बाजूला कुठल्याही चहाच्या टपरीवर बसा, आदेशातली १५ ऑक्टोबर ही तारीख आणि ६५ टक्के हा आकडा (त्या दिवशी जायकवाडी तेवढं भरलं नसेल तर वरून पाणी सोडायचं) टपरीवाला सांगेल. आमच्या विधी विभागात मी मुद्दाम विचारलं. साहेब म्हणाले, ते पाणीपुरवठ्याकडे असेल. पाणीपुरवठावाले म्हणाले, ते विधीकडे असेल. मधल्या जिन्यात पाण्याचा कूलर आहे, तो बंद आहे.

आणि खटल्याशिवाय सुटणारी गोष्ट असते, ती तर अजिबात करू नका. शहराने सांडपाणी नीट शुद्ध करून शेतीला परत द्यावं, म्हणजे धरणातलं चांगलं पाणी मागायला तोंड राहतं. पुण्यात मुंढव्याचा जॅकवेल, म्हणजे पाणी उपसायची विहीर, त्यासाठीच बांधला, साडेसहा टीएमसी कालव्यात परत सोडायचं ठरलं होतं. परत दिलेल्या पाण्यावर कुणी कॉन्फरन्स लावत नाही ना, म्हणून त्यात कुणाला रस नसतो.

बास. आता मला हे असं तिरकं लिहायचा कंटाळा आला. सरळ बोलतो.

साहेब, तुम्हाला लाज वाटायला हवी. वकिलाची मला चीड नाही, तो त्याचं काम करतो, जेवढे कागद द्याल तेवढंच बोलतो. चीड आहे ती तुम्ही त्याच्या आडोशाला बसता याची. आठ महिने नोटीस टेबलावरून टेबलावर ढकलली कुणी? बंद मीटरचं रीडिंग लिहिलं कुणी? लिहिणारा कारकून असेल, पण दर महिन्याला त्याखाली सही तुमच्या इंजिनिअरची आहे. शहरात किती माणसं राहतात हे तुम्हाला माहीत नाही, आणि घरपट्टी वसूल करताना मात्र माझ्या गॅलरीला लावलेलं ग्रिलसुद्धा मोजलंत. गळती किती, तर टिंबं. मग पाणी कशाच्या जोरावर मागता? पिण्याच्या पाण्याला पहिला अग्रक्रम आहे हे जलनीतीत लिहिलंय, मान्य. पण तो अग्रक्रम माणसाच्या घशाला आहे, तुमच्या फुटक्या पाइपाला नाही. खालच्या शेतकऱ्याने तोंडचं पाणी का सोडावं, तुम्ही ते रस्त्यावर सोडता म्हणून? आमच्या कोपऱ्यावरचा व्हॉल्व्ह दिवाळीपासून गळतोय. तीन तक्रारी केल्या. तिसरी तक्रार 'निकाली' म्हणून बंद केली, आणि फोटोत दुसऱ्याच चौकातला व्हॉल्व्ह होता. कोरडा.

तिसऱ्या मजल्यावर एक ब्याऐंशी वर्षांच्या आजी राहतात. लिफ्ट आहे, पण टँकरचं पाणी टाकीत चढवायला पंप लावला की फ्यूज उडतो. मग वॉचमन दोन बादल्या जिन्याने नेऊन देतो. परवा त्यांनी मला विचारलं, "काय हो, कोर्टाने आपलं पाणी बंद केलंय का?" काय सांगू? कोर्टाने नाही आजी, आपणच मुदत मागितलीय?

एक मीटर बसवा. एक माणूस नेमा, ज्याला या प्रकरणातलं सगळं माहीत असेल आणि ज्याची दर सहा महिन्यांनी बदली होणार नाही. मग नेमा हवा तेवढा मोठा वकील, एक रुपयाची तक्रार करणार नाही मी.

आणि हो, त्या स्केचपेनबद्दल मी पहिलं अपील केलं होतं. वीस रुपयांचं तिकीट लावून. काल त्याची सुनावणी होती, मुख्य इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. माहिती अधिकारी आलेच नाहीत. त्यांच्या वतीने एक वकील आले होते, बाहेरचे, कोऱ्या फायलीसकट. त्यांनी मुदत मागितली.