‘पॅलिएटिव्ह म्हणजे डॉक्टरांनी हात वर केले’: फिरणाऱ्या त्या मेसेजला उत्तर

‘आई-वडिलांना जिवंतपणी सोडून देऊ नका’ अशा मथळ्याचा एक मेसेज नातेवाइकांच्या, सोसायटीच्या, शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर फिरतो आहे. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: पॅलिएटिव्ह केअर (गंभीर आजारातल्या माणसाच्या वेदना आणि त्रास कमी करणारी सेवा) म्हणजे डॉक्टरांनी हात वर केले. मॉर्फिन (तीव्र वेदनेवरचं, अफूपासून बनणारं औषध) सुरू झालं की माणूस चार दिवसांत संपतो. जेवण सुटलेल्याला नळी किंवा सलाइन न लावणं म्हणजे उपाशी मारणं. लिव्हिंग विल (स्वतः निर्णय घेता येणार नाही तेव्हा कुठले उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवणं) हा इस्टेटीवर डोळा असलेल्या मुलांच्या सोयीचा कायदा. पेशंटला आजार सांगितला की तो धीर सोडतो. आणि शेवटी घरी आणणं म्हणजे जबाबदारी टाळणं.

मी परिचारिका आहे. अंथरुणाला खिळलेल्या, बरं होण्याची आशा न उरलेल्या रुग्णांच्या घरी जाऊन शुश्रूषा करते. हा मेसेज मला वाचण्याआधी घराघरांत भेटला. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या वेदनाशामक गोळ्यांची पट्टी देवाच्या फळीवर न फोडता ठेवलेली, खाली पलंगावर माणूस कण्हतोय, आणि मुलगी म्हणते, ‘त्या गोळीनं लवकर जातात म्हणे.’ म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देते आहे.

‘हात वर केले’

हा समज कुठून आला ते मला कळतं. ‘आता करण्यासारखं काही नाही, घरी घेऊन जा,’ हे वाक्य ओपीडीच्या दारात उभ्या उभ्या ऐकलेली कुटुंबं मला सतत भेटतात. त्यांचा राग रास्त आहे. पण या कुटुंबांना पॅलिएटिव्ह केअर मिळालेलीच नसते. मिळाली असती तर त्याच दिवशी कुणीतरी खुर्ची ओढून बसलं असतं आणि विचारलं असतं: दुखतं कुठे, किती? झोप लागते का? शौचाला होते का? धाप झोपल्यावर लागते की चालल्यावर? रात्री जागायला घरात कोण आहे?

डॉ. सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस (बरं न होणाऱ्या रुग्णांची शेवटपर्यंत शुश्रूषा करणारी जागा) सुरू केलं, तेव्हापासून हे वैद्यकशास्त्राचं रीतसर काम आहे. आपल्याकडचं पहिलं हॉस्पिस, शांती आवेदना सदन, १९८६ मध्ये मुंबईत वांद्र्याला उभं राहिलं. त्याची शाखा गोव्यात लोटलीलाही आहे. पुण्यात वारज्याचं सिप्ला फाउंडेशनचं केंद्र १९९७ पासून कॅन्सरच्या रुग्णांना विनामूल्य सेवा देतं. टाटा मेमोरियलमध्ये यासाठी स्वतंत्र विभाग आहे. केरळनं तर २००८ मध्ये सरकारी धोरण करून ही सेवा पंचायतींपर्यंत नेली.

ही सेवा शेवटच्या आठवड्यासाठी राखून ठेवायची नसते. केमो चालू असतानाही ती घेता येते. २०१० साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये फुप्फुसाच्या पसरलेल्या कॅन्सरच्या १५१ रुग्णांचा अभ्यास छापून आला. ज्यांना निदानापासूनच पॅलिएटिव्ह सेवा मिळाली त्यांच्या जगण्याचा मध्यांक (निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ) ११.६ महिने होता, ज्यांना फक्त नेहमीचे उपचार मिळाले त्यांचा ८.९ महिने. पहिल्या गटावर अखेरच्या काळात जोरकस उपचार कमी झाले होते, तरीही. हा एकाच आजाराचा अभ्यास आहे, त्यावरून सगळ्यांना जास्त आयुष्य मिळेल असं मी म्हणणार नाही. पण ‘पॅलिएटिव्ह घेतलं की लवकर जातो’ हे म्हणणं त्यापुढे टिकत नाही.

‘मॉर्फिन म्हणजे शेवट’

या मुद्द्यापायी सर्वांत जास्त माणसं विनाकारण सोसतात, म्हणून इथे जरा थांबते.

तोंडावाटे मॉर्फिन देताना सुरुवात लहान डोसनं करतात, बहुतेकदा ५ किंवा १० मिलिग्रॅम, दर चार तासांनी. दुखणं किती कमी झालं ते पाहून डोस पायरीपायरीनं वाढवतात. मूत्रपिंड कमजोर असेल तर डोस कमी करतात, दोन डोसांतलं अंतर वाढवतात किंवा औषधच बदलतात. अशा रीतीनं दिलेलं मॉर्फिन श्वास थांबवत नाही. उलट, धाप लागून जीव घुसमटतो तेव्हा ती घुसमट कमी करायलाही तेच लहान डोसात देतात.

मग ‘आमच्या काकांना मॉर्फिन दिलं आणि चौथ्या दिवशी गेले’ हे खोटं का? खोटं नाही, पण कारण उलटं लावलेलं आहे. काकांना ते औषध महिनोन् महिने मिळालं नाही, शेवटच्या चार दिवसांतच मिळालं. आजार त्यांना घेऊन जाणारच होता. ज्यांना वेळेवर सुरू होतं ते महिनोन् महिने, काही तर वर्षभर त्यावर राहतात, दुपारी टीव्हीवरची मालिका बघतात, नातवाचा अभ्यास घेतात.

पहिले दोन-तीन दिवस गुंगी येते. कित्येक रात्री दुखण्यानं जागून काढलेल्या माणसाला झोप लागली की घरचे घाबरतात, गोळी बंद करतात. थोडा धीर धरा, पण हाक मारल्यावर जागा होत नाही किंवा श्वास फारच मंद झाला असं वाटलं तर लगेच डॉक्टरांना फोन करा. मळमळ चार-सहा दिवसांत जाते. बद्धकोष्ठता मात्र जात नाही, म्हणून मॉर्फिनसोबत पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून घ्यावंच लागतं. ते न दिल्यामुळे मॉर्फिनची बदनामी झालेली मी पाहिली आहे.

व्यसनाचं काय? शरीराला औषधाची सवय होते, म्हणून ते एकदम तोडत नाहीत, कमी करत नेतात. नशेसाठी धडपडणं ही वेगळी गोष्ट. वेदनेसाठी डॉक्टरांच्या देखरेखीत घेणाऱ्या रुग्णांत ते क्वचितच दिसतं.

खरी अडचण ते मिळण्यात आहे. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानंतर परवान्यांची कटकट इतकी वाढली की रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. मंदसौर-नीमचच्या शेतात सरकारी परवान्यानं अफू पिकते, तिच्यापासून औषधं बनतात, परदेशात जातात, आणि आपल्याच तालुक्यातला माणूस रात्रभर ओरडतो. २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन मान्यताप्राप्त संस्थांना मॉर्फिन ठेवणं सोपं झालं. गोळी स्वस्त आहे. तरी अजून कित्येकांना त्यासाठी जिल्ह्याच्या गावी जावं लागतं. मेसेज लिहिणाऱ्यानं राग काढायचा तर तो इथे काढावा.

‘उपाशी मारताय’

जेवू घालणं ही आपल्याकडे मायेची पहिली खूण, म्हणून हा घाव वर्मी बसतो. सुना, मुली, बायका हे ऐकून रडतात. त्यांना मी एवढंच सांगते: माणूस खात नाही म्हणून जात नसतो, तो जायला निघाला आहे म्हणून त्याची भूक गेलेली असते. अखेरच्या दिवसांत शरीराची गरज कमी होते, आतडी मंदावतात, गिळताना ठसका लागतो. अशा वेळी जबरदस्तीनं भरवलेली पेज श्वासनलिकेत जाऊ शकते. भरमसाट सलाइन चढवलं तर शरीराला ते बाहेर टाकता येत नाही. पाय सुजतात, छातीत पाणी साठतं, घशातली घरघर वाढते.

याचा अर्थ नळी कधीच घालू नये असा नाही. घशाच्या कॅन्सरमुळे गिळता येत नाही पण पोटात भूक आहे, अशा माणसाला नळीनं किंवा पोटात बसवलेल्या ट्यूबनं खूप फायदा होतो. शेवटच्या टप्प्यातल्या स्मृतिभ्रंशात मात्र नळीनं आयुष्य वाढत नाही, न्यूमोनियाही टळत नाही. तिथे हातानं, थोडं थोडं, त्याला हवं तेवढंच भरवणं बरं.

आणि करण्यासारखं पुष्कळ असतं. वाटीत स्वच्छ पाणी घ्या, गॉजचा तुकडा बोटाला गुंडाळून भिजवा, पिळून काढा, मग गालाच्या आतून, हिरड्यांवरून, जिभेवरून हलकेच फिरवा. जिभेवर पांढरा थर असेल तर दाखवा, बुरशीचं औषध मिळतं. ओठांना खोबरेल तेल किंवा साजूक तूप. गिळता येत असेल तर बर्फाचा बारीक खडा, शहाळ्याचे चार थेंब. दर दोन तासांनी हे केलं तर कोरड जाते. मुखात तुळशीपत्र आणि गंगाजल घालण्याची रीत असलेल्या घरांना तोंड ओलं ठेवण्याचं मोल वेगळं शिकवावं लागत नाही.

‘लिव्हिंग विल म्हणजे मुलांच्या हाती परवाना’

या मुद्द्यात तर वस्तुस्थिती साफ उलटी आहे. केईएममधल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर नोव्हेंबर १९७३ मध्ये हल्ला झाला आणि मे २०१५ मध्ये जाईपर्यंत त्या त्याच रुग्णालयात, स्वतःचं काही सांगता न येणाऱ्या अवस्थेत पडून होत्या. तिथल्या परिचारिकांनी त्यांना ज्या मायेनं सांभाळलं त्याचा या पेशातल्या प्रत्येकीला अभिमान आहे. पण स्वतः अरुणाताईंना काय हवं होतं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांना भरवणं थांबवावं की नाही यावर २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयात त्यांच्यावतीनं इतरच वाद घालत होते.

सर्वोच्च न्यायालयाच्या ९ मार्च २०१८ च्या निकालानं सन्मानानं मरण्याचा हक्क घटनेच्या कलम २१ मध्ये धरला आणि आगाऊ वैद्यकीय निर्देशाला, म्हणजेच लिव्हिंग विलला, मान्यता दिली. २४ जानेवारी २०२३ ला पद्धत सोपी झाली. आता शुद्धीत असलेल्या कोणाही प्रौढ व्यक्तीनं दोन साक्षीदारांसमोर लिहून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करायचं. आपल्या वतीनं कोण बोलेल त्याचं नाव त्यातच लिहायचं. पटलं नाही तर केव्हाही रद्द करता येतं. ते लागू होतं तेही तुम्ही स्वतः निर्णय घेण्याच्या स्थितीत नसाल आणि बरं होण्याची आशा नसेल तेव्हाच. रुग्णालयाचं एक वैद्यकीय मंडळ ठरवतं, दुसरं मंडळ ते तपासतं, दुसऱ्या मंडळात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यानं नेमलेला डॉक्टर असतो, आणि उपचार थांबवण्याआधी न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. इस्टेटीसाठी घाई झालेल्या मुलाला एकट्याच्या सहीवर यातलं काहीही करता येत नाही. इंजेक्शन देऊन मारणं तर आजही गुन्हाच आहे.

लिव्हिंग विलचा कागद जपून ठेवण्यासाठी स्थानिक संस्थांमध्ये अधिकारी नेमले जावेत म्हणून मुंबईचे डॉ. निखिल दातार उच्च न्यायालयात गेले होते, आणि त्यानंतर राज्यात असे अधिकारी नेमले गेले. तरी एक प्रत घरी, एक नेहमीच्या डॉक्टरांकडे हवीच. आयसीयूच्या दारात मध्यरात्री कुणी महापालिकेत कागद शोधायला जात नाही.

‘सांगितलं तर धीर सुटेल’

ऊसपट्ट्यातल्या एका घरी स्वादुपिंडाच्या कॅन्सरचे आजोबा होते. मुलांनी त्यांना ‘पोटाला सूज आहे’ असं सांगितलेलं, आणि मलाही दारातच बजावलेलं. दोघं मुलं मागे गोबरगॅसच्या टाकीजवळ जाऊन कुजबुजत. मी गोळ्यांची डबी भरत असताना आजोबा म्हणाले, ‘ताई, टाटाला नेलं तवाच कळलं मला. पण पोरांना सांगू नका, थोरला लई हळवा आहे.’

त्यांना विचारूनच मी दोघा मुलांना आत बोलावलं. रडणं झालं, बराच वेळ झालं. मग आजोबा बोलायला लागले: सोसायटीचं कर्ज कुठल्या गटावर आहे, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या कशा ठरल्यात, चुलतभावाकडून बिनकागदाचे घेतलेले पैसे किती. थोरला कारखान्याच्या पावत्यांच्या मागे लिहून घेत होता. जमिनीच्या वाटणीपासून अबोला धरलेल्या बहिणीला फलटणहून बोलवा म्हणाले. ती आली, आणि शेवटपर्यंत राहिली.

सगळ्यांनाच सगळं ऐकायचं नसतं. काही जण स्पष्ट म्हणतात, ‘जे काय ते मुलीला सांगा.’ तोही त्यांचा हक्क. म्हणून आधी विचारायचं: तुम्हाला आजाराबद्दल किती माहीत आहे, आणखी किती जाणून घ्यायचं आहे? उत्तर येईल तेवढंच सांगायचं. पण न विचारताच ‘त्यांना झेपणार नाही’ हे आपण ठरवतो, तेव्हा हिशेब, क्षमा, निरोप हे सगळं त्यांच्या हातून काढून घेतो. यावर माझं मत ठाम आहे.

‘घरी आणणं म्हणजे जबाबदारी टाळणं’

रात्र-रात्र जागून कूस बदलणाऱ्या, चादरी धुणाऱ्या माणसांना हे ऐकवणं क्रूर आहे. एवढंच म्हणते आणि कामाचं सांगते. दुखणं, धाप किंवा झटके घरी आवरत नसतील, किंवा करणारं माणूसच थकून आजारी पडलं असेल, तर हॉस्पिसमध्ये किंवा रुग्णालयात न्या, त्यात कमीपणा नाही. घरीच ठेवायचं ठरलं तर शेवटची लक्षणं आधी माहीत करून घ्या: हातपाय गार पडतात, त्वचेवर निळसर जाळी दिसते, श्वास मध्येच थांबून पुन्हा सुरू होतो, घसा घरघरतो. कुशीवर वळवलं की घरघर कमी होते. हे माहीत नसलं की घाबरून ऐन वेळी १०८ ला फोन जातो, वाटेतच प्राण जातो, रुग्णालयात ‘मृतावस्थेत आणले’ अशी नोंद होते आणि गोष्ट शवविच्छेदनापर्यंत जाऊ शकते. म्हणून जवळच्या डॉक्टरांशी अगोदर बोलून ठेवा: त्या वेळी तपासायला कोण येईल, मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र (घरातल्या मृत्यूसाठी नमुना ४-अ) कोण भरून देईल. नोंदणी २१ दिवसांत ग्रामपंचायतीत, नगरपालिकेत किंवा महापालिकेत करायची असते. रात्री कुणाला फोन करायचा ते नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात लावा. आणि मॉर्फिनची पट्टी संपायच्या आधी पुढची आणून ठेवा, शनिवारी संध्याकाळी ती कुठेच मिळत नाही.