पाऊस बघायला हजार किलोमीटर

चिपळूणची मावशी जुलैत आमच्याकडे मस्कतला आली ती पावसाला वैतागून, आणि आम्ही काय केलं तर तिला गाडीत कोंबून जवळपास हजार किलोमीटर लांब, ओमानच्याच दक्षिण टोकाला, सलालाला पाऊसच दाखवायला नेलं. मस्कतला राहणाऱ्या माणसाला जुलैत दुसरं काही सुचतच नाही हो!

निझवा, आदम मागे पडलं की मग नुसता सपाट माळ. डावीकडे वाळू, उजवीकडे वाळू, मध्ये हैमाला पेट्रोल, चहा आणि टॉयलेट, तिन्हीकडे लाईन. रस्त्यात उंट आडवे आले तर मावशी म्हणते, "ह्यांना गोठा नाही का रे?"

डोंगराअलीकडच्या थुमरेत गावापर्यंत एसी फुल. मग धोफारचा डोंगर चढून पलीकडे उतरायला लागलो आणि धुकं असं आलं की पुढची गाडी दिसेना, सगळ्यांचे पार्किंग लाईट टकटकतायत, बाहेर पंचवीस डिग्री. ओमानी, दुबईवाले, सौदी, सगळे गाड्या सोडून झिमझिमीत उभे, पोरं चिखलात लोळतायत, कुणी गवतावर शेगडी पेटवून मांस भाजतंय. मावशीने काच खाली केली, वास घेतला आणि म्हणाली, "अरे, हा तर आपला कुंभार्ली घाट!"

तिचं काही चुकलं नाही, चिपळूणला झोडपतो तोच नैऋत्य वारा इथे येतो. फक्त इथे तो किनाऱ्याचं वरचं पाणी लोटून देतो, खालचं गार पाणी वर येतं, त्यावरची ओली हवा थंड होऊन धुकं बनते आणि डोंगराला अडकून बसते. साधारण २१ जून ते २१ सप्टेंबर एवढीच काय ती चंगळ. लोबानाची झाडं मात्र शहाणी, ती डोंगरामागच्या कोरड्यात राहतात. तिथलं वादी दौका (वादी म्हणजे दरी) २००० पासून युनेस्कोच्या यादीत आहे, पण मावशीच्या मते ती झाडं म्हणजे पाणी न घातलेला शेवगा.

वादी दरबातचा धबधबा तिने बसल्या जागेवरूनच बघून पास केला. मुगसेलला मात्र खडकातल्या भोकांवर जाळ्या बसवल्यात, खालून लाट आली की फस्सकन पाणी वर उडतं, तिथे ही हौसेने जाऊन उभी राहिली आणि नखशिखांत भिजली. साडी हॉटेलात दोन रात्री पंख्याखाली, तरी ओलीच. परतताना थुमरेतला खिडकीतून धरली तर चहा संपेपर्यंत कडक!

आता तिला पुढच्या वर्षी थुमरेतला पोह्याचे पापड घालायचेत, डांगर ती चिपळूणहून आणणार म्हणे.