विवाल्डीच्या चरित्रात त्या मुलींची नावं का नसतात?

अठराव्या शतकातला इटालियन संगीतकार विवाल्डी म्हटलं की 'फोर सीझन्स' ही त्याची गाजलेली रचना आणि लाल केसांचा पाद्री, एवढ्यावर लोक थांबतात. मला ते खटकतं. या माणसाचं आयुष्य एकट्याचं म्हणून सांगताच येत नाही.

१७०३ मध्ये तो पाद्री झाला आणि त्याच वर्षी व्हेनिसच्या 'पिएता' अनाथालयात व्हायोलिन शिकवू लागला. नको असलेली बाळं लोक तिथल्या भिंतीतल्या कोनाड्यात ठेवून जात. कुणी बाळासोबत अर्धं तोडलेलं नाणं ठेवी आणि उरलेलं अर्धं आपल्याजवळ जपे. पुढे कधी न्यायला आलोच तर ओळख पटावी! ज्या मुलींना सुरांची जाण असे त्यांना संगीत शिकवलं जाई. आडनाव नव्हतंच, मग वाद्य किंवा आवाज हीच ओळख: आन्ना मारिया 'व्हायोलिनवाली', आन्नेता 'बासवाली'. हो, खर्जातले सूरही बायकाच लावत. त्यांना ऐकायला युरोपभरातून माणसं येत. मुली मात्र वर सज्जात, लोखंडी जाळीआड.

विवाल्डीने पाचशेच्या आसपास कॉन्चेर्तो, म्हणजे बहुधा एक मुख्य वाद्य आणि साथीला वाद्यवृंद अशा रचना, लिहिल्या याचं आपल्याला केवढं कौतुक. पण लिहिलेलं लगेच वाजवून बघायला असा तयारीचा वाद्यवृंद किती जणांना मिळतो? १७२३ मध्ये तर पिएताने त्याच्याशी महिन्याला दोन कॉन्चेर्तोंचा करारच केला. काही हस्तलिखितांवर आन्ना मारियाचं नाव आहे. तिच्यासाठीचे ते व्हायोलिनचे तुकडे वाजवायला भयंकर अवघड आहेत. असलं संगीत हातात तेवढी तयारी असलेल्या बाईसाठीच लिहिलं जातं.

संस्थेनेही त्याला नेहमी डोक्यावर घेतलं असं नाही. १७०९ मध्ये सात विरुद्ध सहा मतांनी नोकरी गेली, १७११ मध्ये परत बोलावलं. पुढे सम्राटाचा आश्रय मिळेल या आशेने व्हिएन्नाला गेला, तर ऑक्टोबर १७४० मध्ये सम्राट सहावा चार्ल्सच वारला. जुलै १७४१ मध्ये विवाल्डी तिथेच गरिबीत गेला आणि जग त्याला विसरलं.

१९२६ नंतर त्याच्या हस्तलिखितांचे गठ्ठे तुरिनच्या ग्रंथालयात आले. ते विकत घ्यायला दोन धनिकांनी पैसे दिले, म्हणून त्या संग्रहांना त्यांच्या लहानपणीच वारलेल्या मुलांची नावं आहेत: मावरो फोआ आणि रेन्झो जोर्दानो. फार चांगलं झालं. मग आन्ना मारियाचं नाव कार्यक्रमपत्रिकेवर छापायला काय हरकत आहे? तिच्यासाठी लिहिलेला बी मायनर या स्वरसप्तकातला कॉन्चेर्तो, आरव्ही ३८७ (हा विवाल्डीच्या रचनांच्या सूचीतला क्रमांक), यूट्यूबवर जरूर ऐका. शेअर करताना विवाल्डीच्या शेजारी तिचंही नाव लिहा.