टायटॅनियम, झिरकोनिया आणि कानातले: वैशालीताईंना उत्तर

वैशालीताई,

तुमची प्रतिक्रिया वाचून आधी राग आला, खरं सांगतो. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये भट्टी गार व्हायची वाट बघत बसलो होतो, तेव्हा पुन्हा वाचली. सोनाराने कान टोचावेत तसे तुम्ही टोचलेत. एक टोचा बरोबर जागी बसलाय, बाकीच्यांबद्दल मला बोलायचं आहे.

बाकी वाचकांसाठी: मागच्या लेखात मी लिहिलं होतं की 'मेटल-फ्री' सिरॅमिक इम्प्लांटच्या (म्हणजे पडलेल्या दाताच्या जागी हाडात बसवायच्या स्क्रूच्या) नादी लागू नका, ते फुटतात, टायटॅनियमच बरं. ताईंचं म्हणणं असं की, मी दातांचा लॅबवाला, माझं पोट टायटॅनियमवर चालतं म्हणून मी तसं लिहिणारच. 'फुटतात' ही जुनी माहिती आहे. आणि त्यांना फॅशनच्या कानातल्यांनी पुरळ येतं, मग त्यांनी हाडात धातूचा स्क्रू का बसवून घ्यावा?

पोटाचं आधी मिटवतो. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्याहून जास्त कॅप झिरकोनियाच्या, म्हणजे सिरॅमिकच्याच असतात. स्क्रू धातूचा असो की सिरॅमिकचा, वरची कॅप माझ्यासारखाच कोणीतरी करतो. तेव्हा लबाडीच करायची असती तर मी उलट बाजूने केली असती!

'फुटतात' याबद्दल मात्र चूक कबूल. मी सरसकट लिहायला नको होतं. जे फुटायचे ते अ‍ॅल्युमिनाचे, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या ऑक्साइडच्या सिरॅमिकचे. स्वित्झर्लंडमध्ये दंतवैद्य सँडहाउस यांनी १९६० च्या दशकात आणि जर्मनीत ट्यूबिंगेनला शुल्टे यांनी १९७० च्या दशकात ते वापरात आणले. हाडाशी त्यांचं चांगलं जमायचं, पण चावण्याचा जोर सोसायचा नाही. आजचे सिरॅमिक इम्प्लांट झिरकोनियाचे असतात. त्यात थोडं यिट्रियम ऑक्साइड मिसळलेलं असतं, आणि गंमत अशी की तडा जायला लागला की तड्याच्या टोकाशी असलेले कण आपली रचना बदलून किंचित फुगतात आणि तडा आवळून धरतात. हा गुण १९७५ मध्ये लक्षात आला.

आता माझ्या हद्दीतली गोष्ट. झिरकोनियाची डिस्क लॅबमध्ये येते तेव्हा खडूसारखी असते. नखाने ओरखडा उठतो, हाताला पांढरी भुकटी लागते. मशीनवर कॅप कोरताना ती मुद्दाम मोठी कोरायची, कारण भट्टीत १५०० अंशांच्या आसपास भाजली की ती साधारण पाचव्या भागाने आटते. भट्टी तापवायची किती सावकाश, थांबायचं किती, गार करायची कशी, यात घाई केली की कॅप वरून सुरेखच दिसते. दोष आत राहतो. मी हे नवा असताना दोन-तीनदा करून बसलोय.

म्हणून मला खुब्याच्या सांध्याची गोष्ट विसरता येत नाही. कृत्रिम खुब्यात झिरकोनियाचे गोळे बसवायचे. फ्रान्समधल्या एका कंपनीने आधीच्या भट्टीऐवजी बोगद्यासारखी, माल सरकत जाणारी भट्टी आणली. पावडर तीच, आकार तोच. पण त्यातले काही लॉट रुग्णांच्या शरीरात भराभर फुटायला लागले आणि २००१ मध्ये गोळे परत मागवावे लागले. 'मेटल-फ्री' म्हणून सुरक्षित, या वाक्यात भट्टी कुठे बसते सांगा?

शिवाय 'मेटल-फ्री' हा शब्दच निसरडा आहे. झिरकोनियम हा धातूच, झिरकोनिया हे त्याचं ऑक्साइड. टायटॅनियमच्या स्क्रूवरही हवा लागताच ऑक्साइडचा पातळ थर बसतो आणि हाड त्या थराला भिडतं. केरळच्या किनाऱ्यावर एकाच काळ्या वाळूत टायटॅनियमचं खनिज इल्मेनाइट आणि झिरकोनियमचं खनिज झिरकॉन शेजारी शेजारी सापडतात.

आता तुमचे कानातले. ते पुरळ बहुतेक वेळा निकेलमुळे येतं, आणि इम्प्लांटच्या टायटॅनियममध्ये निकेल मिसळत नाहीत. टायटॅनियमची अ‍ॅलर्जी असतेच नाही असं नाही. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्पेनमधल्या एका अभ्यासात इम्प्लांटच्या १५०० रुग्णांपैकी ९ जणांची चाचणी पॉझिटिव्ह आली होती. तुम्ही त्या नवांतल्या असाल तर सिरॅमिककडे जाच. पण त्याआधी एक बघा. तुमच्या तोंडात जुनी, आतून धातूची कॅप आहे का? आपल्याकडच्या स्वस्त मेटल-सिरॅमिक कॅपचा आतला धातू बऱ्याचदा निकेल-क्रोम असतो. टायटॅनियमला घाबरायचं आणि निकेल दहा वर्षं चघळत बसायचं, असं होऊ नये. डॉक्टरांना विचारा, जमल्यास त्वचारोगतज्ज्ञांकडून पॅच टेस्ट (कातडीवर पट्टी लावून अ‍ॅलर्जी बघायची चाचणी) करून घ्या.

मला सिरॅमिकची खरी भीती वेगळीच आहे. गेल्या वर्षी एका क्लिनिकमधून माप आलं. इम्प्लांट एकसंध, म्हणजे स्क्रू आणि वरचा खुंट एकाच तुकड्यात, आणि तो गालाकडे झुकलेला. टायटॅनियमचा दोन तुकड्यांचा असता तर तिरकं अबटमेंट (स्क्रू आणि कॅप यांच्यामधला जोडतुकडा) लावून मी दात सरळ आणला असता. इथे डॉक्टरांनी तोंडातच बर (ड्रिलचं घासायचं टोक) चालवून खुंट घासला होता. मॉडेलवर भिंगाखाली त्याच्या खरवडी स्पष्ट दिसत होत्या. असल्या खरवडीतूनच तडा सुरू व्हायची भीती. मी फोन केला, ते म्हणाले, "तुम्ही कॅप बनवा." बनवली. अजून तरी टिकली आहे. दोन तुकड्यांचे सिरॅमिक इम्प्लांट आता मिळतात, पण त्यांचं वय कोवळं आहे. स्वीडनच्या डॉ. ब्रोनेमार्क यांनी १९६५ मध्ये ज्या पहिल्या रुग्णाला टायटॅनियम बसवलं, त्याचे ते इम्प्लांट २००६ मध्ये तो जाईपर्यंत टिकले.

तरी एका जागी मी स्वतः सिरॅमिक सुचवेन: पुढचा वरचा दात, पातळ हिरडी, हसताना ती दिसणारी. टायटॅनियमची करडी छटा तिथे हिरडीतून डोकावते आणि मग मी कितीही छान कॅप केली तरी पेशंट आरसा बघून नाराजच. पण रात्री दात खात असाल तर तिथेही दोनदा विचार करा.

तुम्ही ठरवाल ते ठरवा, ताई. फक्त इम्प्लांटच्या डबीवर कंपनीचं नाव आणि लॉट नंबर असलेला स्टिकर असतो. डॉक्टरांनी एक त्यांच्या फाइलला लावला की दुसरा मागून घ्या आणि घरी रेशनकार्डाशेजारी ठेवा. मागच्या लेखातलं 'फुटतात' हे वाक्य मी आज दुरुस्त करतोय, खाली तुमचा उल्लेख करून.