नियम तुम्हाला, सवलत आम्हाला

गणपती जवळ आले की आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक वाद ठरलेला. ठाण्यात चरईत राहणाऱ्या माझ्या जाऊबाई म्हणतात, गुडघे साथ देत नाहीत, यंदा मूर्ती महापालिकेच्या कृत्रिम तलावात सोडू, नाहीतर घरीच बादलीत. याला सगळ्यात जोरात विरोध कुठून येतो? डॅलसहून, त्यांच्याच धाकट्याकडून. ‘आई, परंपरा म्हणून काही आहे की नाही? आपला गणपती खाडीवरच जातो.’ पाठोपाठ कुठून तरी आलेला लांबलचक मजकूर, की बंधनं नेमकी आपल्याच सणांवर का. त्यावर अंगठे उठतात, आणि बहुतेक अंगठे अमेरिकेतलेच असतात.

मी न्यू जर्सीत मुलाकडे असते. नौपाड्यातलं बिऱ्हाड आवरून आले त्याला बराच काळ झाला, तेव्हा इथला गणपती कसा होतो ते मला चांगलं ठाऊक आहे. मूर्ती पेणचीच. न्हावाशेव्याहून बोटीने निघते आणि सणाच्या कितीतरी आधी इथल्या वाण्याच्या दुकानात येऊन बसते. मोदक गोठवलेले, पाकिटातले. सून बिचारी ऑफिस सांभाळून उकड काढायला बसली तर मीच नको म्हणते. धुरामुळे छताला लावलेला भोंगा वाजतो, म्हणून कापूर अंगणात. मंडळाचा गणपती तर शनिवार पाहूनच बसतो, मूर्ती फायबरची; विसर्जन म्हणजे तिच्यावर पाणी शिंपडायचं आणि पुढच्या वर्षापर्यंत खोक्यात ठेवायची. घरची शाडूची मूर्ती गॅरेजमध्ये बादलीत विरघळवतो आणि ती माती झेंडूच्या वाफ्यात जाते. इथल्या तळ्यात वा नदीत मूर्ती सोडायला गेलात तर आधी पोलीस येतील. पुतण्याच्या घरीही याहून वेगळं काही होत नाही, त्याच्या बादलीचे फोटो मी पाहिलेत.

तिथीचंही तेच. 2023 साली ठाण्यात गणपती 19 सप्टेंबरला बसले आणि आमच्याकडे पंचांगाने 18 सांगितली. मध्यान्हाला चतुर्थी हवी, आणि आमचं मध्यान्ह वेगळं. शास्त्राला इतकं कळतं की माणूस जिथे उभा आहे तिथला सूर्य धरायचा. मग चरईतल्या बाईने आपले गुडघे धरले तर काय बिघडलं?

माझे सासरे घरची पूजा स्वतः सांगत. उत्तरपूजेला ‘यान्तु देवगणाः सर्वे’ म्हणून अक्षता टाकायच्या आणि मूर्ती जागेवरून किंचित हलवायची. झालं. देव तिथेच निरोप घेतो, पुढे उरते ती माती, आणि माती कुठल्या पाण्यात गेली याची चिकित्सा त्यांनी कधी केली नाही. तेव्हा आम्ही खाडीवरच जायचो हे खरं, पण ती जवळ होती आणि मूर्ती वीतभर होती म्हणून.

पुतण्याच्या रागात काहीच तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. ठाण्याच्या खाडीत बारा महिने सांडपाणी आणि कारखान्यांची घाण जाते, त्याबद्दल एवढी धावपळ दिसत नाही आणि भाद्रपद आला की सगळ्यांना खाडी आठवते. हे माणसाला टोचतंच. पण त्याच खाडीतल्या फ्लेमिंगो अभयारण्याला 2022 साली जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत जागा मिळाली, आणि पीओपीची मूर्ती पाण्यात विरघळत नाही, रंगासकट किनाऱ्याला परत येते. दुसऱ्या दिवशी सकाळी रेतीबंदरला हात तुटलेल्या मूर्ती मी पाहिल्या आहेत. परंपरेचा अपमान मला त्या दृश्यात दिसला, बादलीत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2020 मध्ये पीओपीविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या, मग मूर्तिकारांच्या पोटाचा प्रश्न आला, आणि 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात सहा फुटांपर्यंतच्या पीओपी मूर्ती कृत्रिम तलावातच सोडायचं ठरलं. जाऊबाईंची मूर्ती तर शाडूची, हातभरसुद्धा नाही.

मला इथे उणीव जाणवते ती वेगळीच. आरतीला बोलावल्याशिवाय येणारी माणसं. नौपाड्यात दार उघडंच असायचं. वरच्या मजल्यावरच्या काकू टाळ घेऊन उतरायच्या, इस्त्रीवाला कपडे द्यायला आला की प्रसाद घेऊन जायचा, आणि ‘घालीन लोटांगण’ला कोण कुठल्या घरचं ते कळायचं नाही. इथे दर्शनाला किती जण, किती वाजता, मुलांना शेंगदाणे चालतात का, हे आधी कळवावं लागतं. लोक प्रेमाने येतात, तक्रार नाही. पण उंबऱ्यावर चपलांचा ढीग असा पडत नाही.

आणि तो ढीग आता चरईतही कमी झालाय. इमारत पुनर्विकासाला गेली, जुने शेजारी भाडं मिळेल तिथे पांगले, कोणी घोडबंदरला तर कोणी बदलापूरला. पोरं आमच्यासारखी बाहेर. परंपरेची काळजी वाटणाऱ्याने याची काळजी करावी. खाडीवर न्यायला मूर्ती उचलणार कोण, हा प्रश्न ग्रुपवर अजून कोणी विचारला नव्हता, म्हणून मी विचारला. पुतण्याला लिहिलं, ‘ये तू गणपतीत, मूर्ती डोक्यावर घे आणि कोलशेतला जा, तुझ्या आईला मी समजावते.’ त्याचं उत्तर आलं की मुलांच्या शाळा नुकत्याच सुरू झालेल्या असतात, रजा मिळते ती डिसेंबरात. खरंच आहे, माझ्या मुलाचंही तेच. मग मी एवढंच लिहिलं, की तलाव का बादली ते तुझ्या आईला ठरवू दे. त्यावर त्याने अजून काही लिहिलेलं नाही, जाऊबाईंनी मात्र लगेच हात जोडलेले दोन पाठवले.